आजीच्या हाताला बारा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

चि. राजेंद्र,
आक्काचे आशीर्वाद.

नात संस्कृती हिला पहिलीतून उठवून पुन्हा सीनियर केजीत बसवणार होते आणि त्याला मी कारण झाले, असं तनुजाने तुला फोनवर सांगितलं. सुनेने अर्धंच सांगितलं, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तुझा गुडघा कसा आहे? शेंद्र्याच्या शाळेत अजून उभ्यानेच शिकवतोस का? बसत जा. (यावर उत्तर नको. बसत जा.)

झालं असं की शाळेत पालकसभा होती. सुदर्शन आणि तनुजा दोघंही कामावर, म्हणून मी गेले. तिथे रूपाली मॅडमने (मॅडम म्हणायचं, आहे कालची पोर) सांगितलं की परदेशात हल्ली संशोधन झालंय. पाच-सहा वर्षांची जी मुलं बोटं न वापरता बेरजा करत होती, त्यांना बोटांवर मोजायला शिकवलं, तर उत्तरं पुष्कळ जास्त बरोबर यायला लागली. शिवाय लहानपणी बोटांवर मोजणारी मुलं पुढे आपणहून ते सोडतात आणि गणितात मागे पडत नाहीत. मी बी.एस्सी. आहे. पुरावा समोर आला की मानायचा, एवढं कॉलेजने शिकवलंय. आमच्याकडे संस्कृती हाताची घडी घालून बेरजा करायची. (हा नियम कोणाचा, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.) त्याच संध्याकाळी मी घडी सोडवली.

आता बोटांवर मोजायचं म्हणजे पेरांवर, हे तुला सांगायला नको. अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर ठेवायचा, एका बोटाला तीन पेरं, चार बोटांना बारा. आई बाळंतिणीचे दिवस असेच मोजायची. पाठ ताठ, अंगठा घसरला की पुन्हा पहिल्यापासून. पोरगी लवकरच तरबेज झाली. मग वर्गात मॅडमने दोन्ही पंजे वर करून विचारलं, "हे मिळून किती?" संस्कृती ठणकावून म्हणाली, "चोवीस." सगळा वर्ग हसला. "बरं, एका हाताचे?" "बारा." लगेच शाळेचा फोन आला: हिला पाचसुद्धा कळत नाहीत, पाया कच्चा आहे, सोमवारी पुन्हा बघू, नाहीतर केजीत बसवू. पोर धड जेवेना. हात फ्रॉकच्या खिशातून बाहेर काढेना.

सोमवारी मी सोबत गेले. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही मधी बोलायचं नाही हं." (मला!) मी मागच्या बाकावर जाऊन बसले. आठ आणि सात विचारलं. शेजारच्या मुलाची दहा बोटं संपली, तो बुटांकडे बघायला लागला. हिने हात खिशातून काढले. अंगठा पेरांवरून चालत बारापर्यंत गेला, उरलेली तीन दुसऱ्या हातावर. पंधरा! मग नऊ आणि नऊ. अठरा! शेवटी मॅडमने विचारलं, "मग हाताला पाच का बारा गं?" तर म्हणते कशी, "मॅडम, तुमच्या हाताला पाच, आजीच्या हाताला बारा. तुम्ही दोघी असल्यावर कोणतं सांगू?"

राजेंद्र, मी थक्क झाले. सहा वर्षांचं पोर दोन मोजण्या डोक्यात वेगवेगळ्या ठेवतं, कोणासमोर कोणती काढायची तेही ओळखतं, आणि आपण मोठी माणसं त्याला पाच कळत नाहीत म्हणतो. भाकरी मोडायला, बटण लावायला जी बोटं जन्मभर वापरली, त्यांत एवढं सामर्थ्य! परत येताना मी आपलाच हात उलटासुलटा करून बघत होते. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, हाथ दुखता क्या?" नाही म्हटलं, बघतेय नुसती.

संस्कृती पहिलीतच आहे. कळावे.

तुझी आक्का

ता.क. शाळेने मला दर शनिवारी पहिलीला पेरं शिकवायला बोलावलंय. परवा गेले. मी दारात दिसताच सगळ्या वर्गाने हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. सोडा म्हटलं, तर आणखी घट्ट धरली. अशाने पोरं मोजणार कशानं? सुदर्शन म्हणतो, जरा हसून बघ. हसले. एक मुलगी रडली. तुझ्या अंगाखांद्यावर पोरं चढतात. तू काय करतोस ते सविस्तर लिही. फोन नको, तनुजा ऐकते.

तनुजाचा भाऊ गोकुळ शेंद्र्याला येतोय, त्याच्या हाती दिलं ते असं: शेंगदाण्याची चटणी, बरणी एक. गुडघ्याचं तेल, बाटली एक. संस्कृती, एक, रविवारपर्यंत. मी कशी शिकवते ते तिला एकटीला विचारावं, आणि ती सांगेल ते न गाळता मला कळवावं.