आतलं माप

रविवार, ८ मार्च
सकाळचे साडेनऊ

प्रिय ताईस,
नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मी ठीक आहे, वेळेवर जेवतो, खोकला गेला. आईला सांग, दाढीही केली आहे.

तू विचारलं होतंस, नेमकं बिनसलं कधी? तो कॉम्प्युटर टेबलावरून खाली पडला, त्या क्षणी. त्याआधी मी कॉलेजात होतो, नंतर नव्हतो. सरांशी भांडण झालं म्हणून घरी सांगितलं, ते... राहू दे. आधी चांगली बातमी.

मी त्याला नवं कॅबिनेट बनवलं. लाकडाचं! जुना पत्र्याचा डबा पार चेपला होता, पण आतलं सगळं शाबूत. तीन महिने खालच्या मजल्यावरच्या सुतारमिस्त्रींकडे काम करतोय ना, त्यांनीच फळ्या दिल्या.

"कॉलेजकुमार, माप घेतलंस?"

"घेतलं की."

"आतलं की बाहेरचं?"

गप्प बसायचं सोडून मी म्हटलं, "माप ते माप, मिस्त्री. मला शिकवू नका."

दोन दिवस खपून चौकट जोडली, सरस वाळला, आणि मदरबोर्ड आत जाईना. मी माप बाहेरून धरलं होतं. फळ्यांची जाडी आतली जागा खाऊन बसली. हातोडी उचलली. फोडणारच होतो. मिस्त्री चहा पीत म्हणाले, "फोड, फोड. पुढच्या वेळी बोर्डच कापून लहान कर." हसू आलं गं. हातोडी खाली ठेवली.

दुसरी चौकट बरोबर बसली. मागे पंख्यासाठी मोठं भोक, बाजूला हवेसाठी सोळा बारकी. "लाकूड गरमी धरून ठेवतं," मिस्त्री म्हणाले, "उरलीच ताकद, तर दोन भोकं स्वतःच्या डोक्यालाही पाड." बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन उजळला. मी वेड्यासारखा एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

आता ते राहिलेलं.

कॉम्प्युटर माझा नव्हता. टिकटिकचा होता. हो, तीच, जिच्या टायपिंगच्या वेगावर मी तुला चार-चार पानं लिहायचो. आणि तो पडला नव्हता. ती म्हणाली, "प्रोजेक्ट मी दुसऱ्या कुणाबरोबर करते. तुझ्याशी मला सारखं जपून बोलावं लागतं." एवढंच. आवाजही चढवला नाही. मी टेबलाला लाथ घातली.

शिकवण्या घेऊन घेतलेला तिचा कॉम्प्युटर, त्यात वर्षभराचं काम. "दुरुस्त करून देतो" म्हणून उचलून आणला आणि तोंड लपवलं. ते काम तिने पहिल्यापासून पुन्हा केलं असणार. सर बिचारे कशातच नव्हते.

तिच्या फायली जागच्या जागी आहेत. उघडल्या नाहीत, शपथ. काल फोन केला. ती म्हणाली, "उद्या अकराला ये. कॉम्प्युटर घेईन. बाकी काही धरून चालू नकोस."

नाही धरत. माफी मागायची, वायरी जोडून द्यायच्या, ती थांब म्हणाली तरच थांबायचं. उद्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन पुन्हा घेतात का विचारतो. बाबांना मीच सांगेन, तू आधी बोलू नकोस.

घरातून निघताना मी दार असं आपटलं होतं की कडी निखळली. बसवली का कुणी? नसेल तर तशीच राहू दे. येऊन मी बसवतो. येतं आता मला.

निघतो. कॅबिनेट जड आहे, दोन्ही हात लागतील. दार पायानेच ओढून घ्यावं लागणार. त्याच पायाने.

हळूच ओढतो.

तुझा
धाकटा