चौतीसपैकी चौतीस बरे

मंगळवार, १ ऑक्टोबर १९८५
सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात सांख्यिकी सहायक म्हणून रुजू. दवाखान्यामागची एक खोली, एक टेबल, चौतीस दारुडे. दर मंगळवारी कंपाउंडर मच्छिंद्र एकेकाला समोर उभं करून गोळी गिळायला लावतो. गोळीवर दारू घेतली की ओकारी. रजिस्टरात सगळ्यांपुढे एकच शेरा, ‘बरं चाललंय’. याला इथं मूल्यमापन म्हणतात! संख्याशास्त्र शिकलेलं माणूस या खोलीनं पाहिलेलं नाही. आठवड्यात शिस्त लावणार.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
व्याख्या ठरवली. लागोपाठ तीन मंगळवार न येणारा तो बरा. ताप उतरलेला माणूस दवाखान्यात कशाला येईल? मच्छिंद्रने विचारलं, मॅडम, इथं यायचं सोडून जो गुत्त्यावर जातो त्याचं काय? गुत्ता माझ्या कार्यक्षेत्रात नाही, म्हटलं. तो गोळ्या मोजायला लागला. पटलं असावं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर
एकतीस बरे. ९१.२ टक्के.
मच्छिंद्र म्हणतो, बरे कशाचे, गाड्या जुंपून ढोकीकडं ऊसतोडीला गेले, फडावर लई पितेत. ऐकीव माहिती. नोंदवली नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
तिघं अजून येतात. शेरा: उपचार निष्फळ. त्यातला दगडोबा सर्वांत वाईट, एकही मंगळवार चुकवत नाही. त्याची बायको मथुराबाई म्हणाली, बाई, दोन महिनं झालं थेंबाला शिवला न्हाय. पाण्याच्या टँकरवर कामाला लागलाय, पिलेला दिसला तर काढून टाकनार हैत. मग निष्फळ कसा? तक्ता दाखवला. बरा व्हायला यानं करावं तरी काय, असं तिनं विचारलं. येऊ नये, म्हटलं. आन् गोळी काय तुमचा तक्ता देनार व्हय, म्हणाली. मच्छिंद्र हसला. दोघांचंही शिक्षण बेताचं.

बुधवार, ६ नोव्हेंबर
तिघांची गोळी बंद केली. तीन मंगळवारांत शंभर टक्के.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
मथुराबाई दाराशी. दिवाळीत भावकी बाटली घेऊन आली होती, नवरा कसाबसा उठून शेतात जाऊन बसला, एक तरी गोळी द्या, म्हणाली. आज दिली तर मोजणी पहिल्यापासून. दिली नाही. ती बराच वेळ उभी होती. मी आलेख पूर्ण केला.

मंगळवार, २६ नोव्हेंबर
चौतीसपैकी चौतीस. अहवाल रवाना. बढती मिळाली तर पुणे मागावं.

शुक्रवार, १३ डिसेंबर
वरून पत्र. प्रथम अभिनंदन. मग: तालुक्यात रुग्ण शिल्लक नसल्याने केंद्र बंद, सांख्यिकी सहायकाचं पद रद्द.
मच्छिंद्र टेबल उचलत होता, तेवढ्यात मथुराबाई आली. दगडोबाचा हात तिच्या खांद्यावर. पिलेला. टँकरवरून काल काढलं. तुमच्या कागदात बरा झाला ना हा, तिनं विचारलं, मग आता याला न्यावं कुठं?
पत्र तिला वाचून दाखवायला घेतलं. दुसऱ्या ओळीला थांबून पत्राची घडी घातली. दगडोबाच ओशाळून म्हणाला, ऱ्हाऊ द्या बाई, म्याच येनार न्हाय आता.