मेव्हण्याने लावलेले दिवे

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
उपविभागीय कार्यालय, चंदननगर,
जिल्हा हुगळी.

अर्जदार : नीरदवरण नंदी, वय ६३, धंदा रोषणाई, राहणार काँसारीडांगा, चंदननगर.

विषय : जगद्धात्री विसर्जन मिरवणुकीतील ट्रक क्रमांक तीनच्या रोषणाई पॅनेलवर श्री. परिमल कुंडू यांनी घेतलेली हरकत फेटाळून परवाना मोकळा करण्याबाबत. व त्या हरकतीच्या मुळाशी असलेल्या वापरलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या वॉरंटीबाबत.

संदर्भ : श्री. कुंडू यांचा आपल्या कार्यालयात सप्तमीस दाखल झालेला हरकत अर्ज.

महोदय,

१. अर्जदार गेली एकतीस वर्षे काँसारीडांगा सार्वजनिक पूजा समितीच्या मिरवणुकीची रोषणाई करीत आहे. या एकतीस वर्षांत पूर आला, संप झाले, अर्जदाराचा उजवा हात एकदा मोडला, तरी काँसारीडांग्याचा एकही ट्रक अंधारात गेला नाही. आपण या शहरी नवीन आला असलात तरी कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारावे.

२. पूर्वी अर्जदार लाकडी रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकून दिवे हलते करीत असे. रूळ फिरला की पट्टी तारेला लागे आणि मोर पिसारा उघडे. हल्ली समित्यांना चित्रपटासारखी चित्रे लागतात व ती संगणकावर तयार करावी लागतात. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड हा भाग जोरकस लागतो. नवीन कार्ड अर्जदाराच्या आवाक्यात नव्हते, म्हणून श्रावणात त्याने वापरलेले कार्ड घेतले. ते कोलकात्याच्या चांदनी चौक बाजारातील श्री. परिमल कुंडू यांच्या दुकानातून घेतले. श्री. कुंडू हे अर्जदाराची पत्नी सौ. मंजुश्री हिचे सख्खे धाकटे बंधू आहेत, हे लिहिताना अर्जदाराचा हात जड होत आहे. परंतु न लिहून चालणार नाही.

३. वापरलेल्या मालात फसगत होते हे अर्जदारास ठाऊक होते. म्हणून त्याने वॉरंटीबद्दल तीनदा विचारले. त्यावर श्री. कुंडू म्हणाले, "जामाईबाबू, मूळ बिल तुमच्या हातात देतोय. अजून बावीस महिने शिल्लक आहेत. नोंद माझ्या नावावर आहे, ती आठ दिवसांत तुमच्या नावावर करून देतो. घरच्या माणसाला फसवून मी जाणार कुठे?" कंपनीच्या नियमानुसार वॉरंटी एकदा दुसऱ्याच्या नावावर करता येते, पण ती विनंती पहिल्या मालकाने स्वतः करावी लागते. अर्जदाराने आठ दिवसांनी आठवण करून दिली, मग महिन्याने दिली, मग दुर्गापूजेत श्री. कुंडू बहिणीसाठी साडी घेऊन आले तेव्हा दिली. दर वेळी "झालंच समजा" हे उत्तर मिळाले.

४. या वर्षी समितीने अर्जदाराकडून सुंदरबनातील वाघीण मागितली होती. ती खाडी पोहून येते, मागे वळून पाहते, पिलू चिखलातून वर येत नाही म्हणून पुन्हा पाण्यात उतरते. त्या मागे वळण्यावर अर्जदाराने सतरा दिवस घालवले. कोजागरीनंतर चौथ्या दिवशी वाघीण मान वळवीत असतानाच पडदा काळा झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. त्यानंतर तो संगणक काहीही दाखवीना. या दिवसांत चंदननगरात रिकामा संगणक मागणे म्हणजे लग्नघरात रिकामा आचारी मागणे होय. अर्जदाराने सात जणांपुढे हात जोडले. सातही जणांचे संगणक स्वतःच्या कामात बुडालेले होते.

५. अर्जदार कार्ड घेऊन कोलकात्यास कंपनीच्या सेवा केंद्रात गेला. तेथील बाईंनी अनुक्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिले, मग अर्जदाराकडे पाहिले.

"काका, या नंबराचं कार्ड आषाढातच जळालं म्हणून परत आलंय. बदली नवीन कार्डसुद्धा गेलंय."

"असं कसं? कार्ड तर माझ्या हातात आहे."

त्यांनी कार्ड भिंगाखाली धरले आणि नखाने अनुक्रमांकाच्या चिठ्ठीची कड उचलली. खाली जुन्या चिठ्ठीचा डिंक होता. वरची चिठ्ठी दुकानात छापलेली निघाली. त्यांनी समजावून सांगितले ते असे : या चालू कार्डाची खरी चिठ्ठी सोलून ती कोणत्यातरी मेलेल्या कार्डावर चिकटवली गेली. ते मेलेले कार्ड कंपनीत देऊन नवीन कोरे कार्ड घेतले गेले. मग चालू कार्डावर नकली चिठ्ठी डकवून ते विकले गेले. म्हणजे अर्जदाराने कार्ड घेतले त्याच्या आधीच त्याची वॉरंटी कोणीतरी खाऊन ढेकर दिला होता.

"घेताना नंबर आम्हाला कळवून बघितला होता का? पैसे द्यायच्या आधी नावावर करून घ्यायचं असतं, काका."

"विकणारा माझा मेव्हणा आहे."

"इथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा तो कुणीतरी असतोच," त्या म्हणाल्या, आणि अर्जदारास पाणी दिले.

६. अर्जदार घरी आला. पत्नीसही त्याने सांगितले नाही, कारण भाऊबीज जवळ होती आणि तिने भावासाठी नारळाचे लाडू करायला घेतले होते. भाऊबीजेस श्री. कुंडू आले. सौ. मंजुश्रीने करंगळीने त्यांच्या कपाळी चंदन लावले, त्यांच्या आयुष्यासाठी मागायचे ते मागितले, लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळून पान वाढले. त्यानंतर अर्जदाराने कार्ड पानाशेजारी ठेवले व विचारले, "परिमल, ही चिठ्ठी कुणी छापली?"

महोदय, माणूस लाजला असता, रागावला असता, निदान खोटे बोलला असता, तर हा अर्ज आपल्यापुढे आला नसता. श्री. कुंडू हसले.

"जामाईबाबू, वॉरंटी माणसाची नसते, नंबराची असते. नंबर माझा होता, मी वापरला. तुम्हाला कार्ड दिलं, ते अडीच महिने चाललं की नाही? आणि एवढं काय त्याचं! तुमच्या दिव्यांकडे आता मान वर करून बघतो कोण? लोक मोबाईलवर खराखुरा वाघ बघतात." मग बहिणीकडे वळून म्हणाले, "दीदी, दोन लुच्या वाढ गं, गरम असतील तर."

सौ. मंजुश्रीने दोन लुच्या वाढल्या. गरम होत्या. भाऊ गेल्यावर तिने पान उचलले, हात धुतले आणि अर्जदारास म्हणाली, "तुमचा वाघाचा सांगाडा मोकळाच आहे ना?"

७. येथे अर्जदार एक गोष्ट कबूल करतो. ग्राहक मंचाचा रस्ता त्यास माहीत होता. त्या रस्त्याने गेल्यास दोन वर्षांनी भरपाई मिळाली असती आणि श्री. कुंडू यांनी ती शिंक आल्यासारखी देऊन टाकली असती. अर्जदारास भरपाई नको होती. त्यास श्री. कुंडू यांचे तोंड दाखवायचे होते, चाळीस फूट उंचीवर, साऱ्या चंदननगरास, माना वर करायला लावून. ही सूडबुद्धी आहे असे कोणी म्हटल्यास अर्जदार नाकारणार नाही. कोजागरीनंतर त्यास पहिली शांत झोप लागली ती याच बेताने.

८. संगणक नव्हताच. अर्जदाराने माळ्यावरून लाकडी रूळ काढले, पट्ट्या घासल्या, तारा नव्याने ओढल्या. बांबूचा सांगाडा व दिवे वाघिणीसाठी बांधून तयार होतेच. चेहरा काढायला अर्जदार बसला तेव्हा सौ. मंजुश्री पाठीशी उभी राहिली. "नाक एवढं सरळ नाही. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला होता, डावीकडे झुकलंय." थोड्या वेळाने म्हणाली, "तीळ उजव्या नाही, डाव्या गालावर." शेवटी तिने खडू अर्जदाराच्या हातातून घेतला आणि जमिनीवर पसरलेल्या कागदावर गुडघ्यांवर रांगत सगळा चेहरा स्वतः काढला. डोळ्यांतले पाणी ती पदराने पुसत होती, पण रेघ कोठेही चुकली नाही. अर्जदाराने खाली लाल दिव्यांत नाव घालायचे ठरवले होते. ते तिनेच काढायला लावले. "नाव कशाला? तोंड पुरे."

९. पॅनेल पुढीलप्रमाणे चालते. एक गृहस्थ प्रेमळ हसतात. त्यांचा डावा हात एका कार्डावरची चिठ्ठी सोलतो व दुसऱ्या कार्डावर चिकटवतो. मग ते जीभ बाहेर काढून बोट ओले करतात आणि पहिल्या कार्डावर नवी चिठ्ठी लावतात. खालून अनुक्रमांक पळतो. मग गृहस्थ पुन्हा हसतात. हे दर अकरा सेकंदांनी घडते. त्यात अश्लील, धर्मविरोधी किंवा राजकीय काहीही नाही.

१०. पंचमीस सायंकाळी चाचणी घेतली. अर्धा काँसारीडांगा जमला. समितीचे चिटणीस श्री. अमियनाथ शील यांना हसून हसून खुर्ची द्यावी लागली आणि हे पॅनेल ट्रक क्रमांक तीनवर चढवण्याचा ठराव तेथेच, उभ्याउभ्या, एकमताने झाला. कोणीतरी मोबाईलवर चित्रण केले. षष्ठीस ते चांदनी चौकात पोहोचले. तेथे लोक दुकानाच्या फळीपाशी उभे राहून पॅनेल पाहत आणि मान वर करून श्री. कुंडू यांना पाहत. मग कोणीतरी घरी जाऊन आपल्या कार्डाची चिठ्ठी नखाने उचलली. सप्तमीच्या दुपारपर्यंत असे अकरा जण अर्जदाराच्या दारी आले. त्यांत एक कानाला श्रवणयंत्र लावलेले वृद्ध छायाचित्रकार होते आणि परीक्षेसाठी उसनवारीने संगणक जोडलेली एक मुलगी होती. अकराही चिठ्ठ्यांखाली जुना डिंक होता. अर्जदाराने सर्वांना चहा दिला व जबाब लिहून घेतले.

११. त्याच दिवशी सकाळी श्री. कुंडू यांनी आपल्याकडे हरकत दाखल केली की पॅनेलवरील चेहरा "माझ्यासारखा" असून त्यामुळे व्यापार व अब्रू बुडत आहे. आपण ट्रक क्रमांक तीनचा परवाना सुनावणीपर्यंत तहकूब ठेवला, ते योग्यच केले. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

१२. हरकत दाखल करून श्री. कुंडू थेट अर्जदाराच्या घरी आले. हातात कोरे ग्राफिक्स कार्ड होते आणि वॉरंटी हस्तांतराचे पत्र होते.

"जामाईबाबू, घ्या. तुमच्या नावावर करून आणलंय. तीच नोंद, पुढचे सगळे महिने तुमचे. आता ते पॅनेल उतरवा."

"तीन महिने जे जमलं नाही ते एका सकाळीत कसं जमलं रे?"

"दीदी, तू तरी सांग यांना. दुकानात लोक माझ्याकडे बघून जीभ काढतात गं. तुझ्या भावाची ही शोभा तुला बघवते?"

सौ. मंजुश्री दारात उभी होती. ती म्हणाली, "यांची वाघीण अर्ध्यावर मेली तेव्हा तू माझ्या हातच्या गरम लुच्या मागितल्यास. त्या दिवशी कपाळाला चंदन लावून मी तुझ्यासाठी आयुष्य मागितलं. ते तुला मिळो. भरपूर जग, आणि बाहेर पडशील तिथे ओळखला जा."

श्री. कुंडू कार्ड व पत्र ओट्यावर ठेवून गेले. मनधरणीच्या गडबडीत त्यांच्या लक्षात आले नाही की ते कार्ड म्हणजेच कंपनीने आषाढात बदलून दिलेले कार्ड आहे. आणि पत्रावर बदलीची तारीख व त्यांची स्वतःची सही आहे. पुरावा कसा गोळा करावा या विवंचनेत असलेल्या अर्जदारास तो घरपोच मिळाला. अर्जदाराने ते कार्ड संगणकात घातलेले नाही, घालणारही नाही. वाघीण पुढच्या वर्षी होईल किंवा होणार नाही. दोन्ही वस्तू सोबत जोडल्या आहेत.

१३. सबब अर्जदाराची विनंती एवढीच आहे. पॅनेलवर कोणाचेही नाव नाही. तेव्हा उद्या नवमीस श्री. कुंडू यांना समोर बोलावून एकच प्रश्न विचारावा : विकायच्या कार्डावरची चिठ्ठी सोलणारा हा इसम आपण आहात काय? ते "होय" म्हणाल्यास तसे लेखी घ्यावे. अर्जदार त्याच क्षणी स्वतःच्या हाताने पॅनेल उतरवील व तो लेख त्या अकरा जणांच्या स्वाधीन करील. ते ठाण्याच्या वाटेवर उभेच आहेत. ते "नाही" म्हणाल्यास तेही लेखी घ्यावे आणि ज्याचे तोंड नाही त्याची हरकत कसली, याचा विचार व्हावा. अर्जदारास दोन्ही उत्तरे सारखीच गोड आहेत.

कळावे.

काँसारीडांगा, चंदननगर,
कार्तिक शुक्ल अष्टमी.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून असलेला,
(सही) नीरदवरण नंदी

चेहऱ्याचे रेखाटन माझे आहे, दबावाशिवाय केले आहे.
(सही) मंजुश्री नंदी, माहेरची कुंडू

सोबत : जळालेले कार्ड, चिठ्ठी अर्धी उचललेली, बदलीचे कोरे कार्ड, वॉरंटी हस्तांतराचे पत्र, सेवा केंद्राचा अहवाल, अकरा जबाब, समितीचा ठराव (शाईचे डाग हसताना पडले आहेत, क्षमस्व).

शेरा (कार्यालयीन वापरासाठी) :
हरकतदारास नवमीस सकाळी समक्ष विचारले. त्यांनी पाणी मागितले. पॅनेलवरील इसम आपण नव्हे व त्याच्याशी आपले काहीही साम्य नाही, असे त्यांनी लेखी दिले. हरकत उरत नाही. ट्रक क्रमांक तीन सोडावा. अकरा जबाब व सोबतच्या वस्तू पुढील चौकशीसाठी ठाण्याकडे पाठवाव्यात.
(सही) उपविभागीय अधिकारी