भरल्या ताटावरून

बंगळूर,
७ जानेवारी १९६२

तीर्थरूप आईस,
नंदूचा इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

डिंकाचे लाडू पोचले. थंडी बेताचीच आहे, काळजी करू नकोस.

उत्तरेकडून येणारे रानहंस हिवाळ्यात काय खातात ते मला कळतं कसं, असं तू विचारलं होतंस. दुर्बिणीतून, असं मी लिहिलं. ते खोटं होतं. पक्षी मारून त्याचं पोट फाडून बघावं लागतं. तोही चरत असतानाच मारावा लागतो, नाहीतर पोटात काही सापडत नाही.

मंगळवारी हेब्बाळच्या तळ्याकाठी आमच्या संशोधन खात्याच्या देवाप्पा शिकाऱ्यानं नेम धरला. मी मोडक्या कानडीत म्हटलं, "स्वल्प, जरा थांब, पोटभर खाऊ दे त्याला." त्याला वाटलं, मला दया आली. मग मीच हात वर करून बार काढायची खूण केली. हंस पडला तेव्हा चोचीत हिरवं पातं तसंच होतं.

आपल्या घरी तू मांजरालाही कधी भरल्या ताटावरून उठवू दिलं नाहीस.

धाकट्या नयनाचा खोकला थांबला का?

मी वेळेवर जेवायला बसतो. पण खानावळीच्या कस्तुराबाई वाढताना "पोटभर खा" म्हणाल्या, की हातातला घास हातातच राहतो.

तुझाच,
नंदू