तू पाठवलेले पाहुणे

मु. पो. रिहे, ता. मुळशी

प्रिय शरदचंद्र,

तुझा गुडघा कसा आहे? अजून कटकट वाजतो, का लिफ्टच्या इमारतीत राहायला गेल्यापासून त्याला वाजायचं कामच उरलं नाही? वहिनींची साखर ताब्यात आहे ना? त्यांना सांग, गोड बंद केलं म्हणजे जीभ पण कडू करायला पाहिजे असं नाही. तुझ्या लेकाची, निषादची पाठ धरली होती, ती सुटली का? सूनबाईंचे दिवस भरत आले असतील, त्यांना जपा, त्या पोरीचा जीव साधा आहे. आणि तुमचं ते कुत्रं, ज्याला गार हवेत झोपवता, त्याचं पोट बरं आहे ना? सगळ्यांचं विचारून झालं. आता मनातलं सांगतो. तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही.

माझ्या नातीला तू फोनवर खोटारडी म्हणालास. हा शब्द वापरला नाहीस, तेवढा शहाणा तू झाला आहेस. तू म्हणालास, "बाळ, तुझा अर्ज एक सांगतो, तुझे आजोबा दुसरंच सांगतात, मग आम्ही समजायचं काय?" पोरगी पडवीत उभी होती, फोन कानाला. मी समोर दोरी वळत बसलो होतो. तिचा चेहरा मी पाहिला आहे, तू नाही पाहिलास. आईच्या नावानं मोठी संस्था काढलीस, शिष्यवृत्त्या वाटतोस, हार घालून फोटो काढतोस. चांगलं आहे. पण ज्या घरात तू लहानपणी उष्ट्या हातानं कालवण वाढून घेतलंस, त्या घरात काय आहे आणि काय नाही ते बघायला तुला माणसं पाठवायला लागली?

त्या माणसांचंच सांगतो, कारण तुझ्या कागदावर जे आलं ते अर्धंच आलं असणार. गौतमीला पुण्यात फिजिओथेरपीच्या कॉलेजात जागा मिळाली आणि तिनं तुझ्या संस्थेकडे अर्ज केला, हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर करू दिला नसता, हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून तर तिनं फक्त बापाला, आमच्या शंभूला सांगितलं. घरची परिस्थिती बघायला तुझी माणसं रविवारी येणार म्हणून तिला निरोप होता. आली शनिवारी. पोरगी पिरंगुटला झेरॉक्स काढायला गेलेली, शंभू कामावर. भर दुपारी गाडी येऊन थांबली, आतून एक पोक्त बाई उतरल्या, सुती इस्त्रीची साडी, आणि त्यांच्यामागं एक तरणा मुलगा, भांग पाडलेला, बूट दारात नीट जोडून ठेवणारा. म्हणाल्या, "शरदचंद्र साहेबांनी पाठवलंय, गौतमीच्या संदर्भात आलोय." आता तूच सांग, कुणीही काय समजेल? मी समजलो, माझ्या मैतरानं नातीला स्थळ पाठवलं. मायलेक आलीत मुलगी बघायला. आमची म्हातारी रत्ना तर आतून मला खुणावत होती, "पोरगा बरा हाय, जरा वाळका हाय, पण बरा हाय."

आणि प्रश्न तरी कसले रे विचारले त्यांनी! मुलगी कितवी शिकली, घर स्वतःचं का, शेती किती, जनावरं किती, कमावतं कोण, स्वयंपाक कशावर करता. एकही प्रश्न असा नव्हता जो सोयरीक जुळवायला आलेला माणूस विचारत नाही. मी पण मग सोयरिकीला शोभेल असंच बोललो. खालची खाचरं दाखवली, म्हणालो आपलीच. अंगणात शेजारच्या बहिरूचा ट्रॅक्टर लावलेला होता, म्हणालो आपलाच. शंभू सुपरवायझर आहे म्हणालो. बाईंनी विचारलं, "आजोबा, घरात काही अडचण?" मी म्हणालो, "अडचण? ह्या घराला तो शब्द ठाऊक न्हाई." रत्नानं शिरा केला, मग आंबेमोहोराचा भात, वर तुपाची धार. ते तूप कुठून आणलं विचारू नकोस. जाताना बाईंची खणानारळानं ओटी भरली. मुलगा सगळं मोबाइलमध्ये टिपत होता, मला वाटलं शिकलेला आहे, घरी बापाला दाखवेल. बाई निघताना म्हणाल्या, "कळवतो तुम्हाला." मुलगी बघायला आलेले दुसरं काय म्हणतात?

गौतमी आली, रत्नानं तिला हसत हसत सगळं सांगितलं. पोरगी आधी हसली, अगदी पोट धरून, आणि हसता हसताच खाली बसली. तिनं त्या बाईंना लगेच फोन लावला. बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, माहिती वर गेली, आता साहेबच बघतील. साहेब म्हणजे तू.

तू काय बघितलंस? तू म्हणालास, अर्ज पुन्हा कर. एक पान लिही, घरच्या परिस्थितीचं, मनापासून, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. चुलीपाशी बसलेला फोटो जोड. आणि आजोबांनी सांगितलं ते खरं नव्हतं, असं तुझ्या हातानं लिहून सही कर, म्हणजे समितीचं तोंड बंद होईल. शरद्या, तुला लाज वाटली नाही? आमच्या घरात गॅस आहे. चुलीवर आता फक्त अंघोळीचं पाणी तापतं. पोरीनं काय करायचं, दोन फुटकी भांडी मांडून त्यापुढं तोंड पाडून बसायचं? तिला गुण आहेत, तिनं ते कागदावर दाखवले. तुला गुण नको होते, तुला तमाशा पाहिजे होता. सोयरिकीत माणूस चार गोष्टी वाढवून सांगतो, तुझ्या दारात कमी करून सांगायच्या, एवढाच फरक. दोन्हीकडं पोरगी उभी करून बघायचीच.

तुझ्या आईचं नाव लावलं आहेस म्हणून जास्त बोलतो. चौथीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा तुझी मागच्या वर्षीची पुस्तकं काकू माझ्याकडं द्यायच्या. कशा द्यायच्या आठवतं? म्हणायच्या, "कोंडिबा, ह्यांना वाळवी लागंल, तुझ्या घरी उंचावर ठेव जरा." पुस्तकं नेतोय म्हणून मला कधी वाटलंच नाही, मी तुमचं सामान सांभाळतोय असंच वाटायचं. त्याच पुस्तकांवर मी एकट्यानं पुढचं शिकलो, तुला आज पत्र लिहितोय ते त्याच्याच जोरावर. थंडीत तुझा सदरा दिला, तर म्हणाल्या शरद्याला आखूड झाला. आखूड कसला, मला तो गुडघ्यापर्यंत यायचा. त्या बाईंनी जन्मात कुणाला मागायला लावलं नाही. आणि तू त्यांच्या फोटोखाली बसून पोरांना रडायला लावतोस.

गौतमीनं तुला नाही म्हणून सांगितलं, हे तुला ठाऊक आहे. का म्हणाली ते ठाऊक नाही. मीच तिच्यावर ओरडलो, म्हणालो लिही चार ओळी, तुझं काय जातंय, एवढा ताठा कशाला. तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजा, गरीब हाय असं मी धा येळा लिहीन, मला त्याची लाज न्हाई. पन माझा आजा खोटं बोलला असं मी लिहिणार न्हाई. फी न्हाई भरली तर न्हाई भरली." आणि बादली उचलून गोठ्याकडं गेली. गोठ्यात म्हैस नाही, तरी गेली. काल पिरंगुटच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाचं विचारून आली आहे. एकदा कंपनीच्या बसमध्ये बसून कामाच्या पाळीला जायला लागली की ती परत कॉलेजचं नाव काढायची नाही. मी तिला ओळखतो.

आता हे पत्र कशाला लिहिलं ते सांगतो. फोनच केला असता, पण तू "काय कोंडिबा, कसं काय?" म्हणालास की माझ्या तोंडून "मजेत" असंच निघतं, एवढी वर्षं तेच निघालं. कागद तसं विचारत नाही. तर ऐक. ट्रॅक्टर बहिरूचा. खालची खाचरं विकली, रत्ना बांधावरून पडून तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. तू फोन केलास आणि मी म्हणालो ती माहेरी गेली आहे, तेव्हा ती दवाखान्यात होती. तिचा पाय ह्या पोरीनं रोज हलवून हलवून चालता केला, तिथूनच तिला हे शिकायचं मनात आलं. म्हैस त्याच वर्षी गेली. शंभू सुपरवायझर कधीच नव्हता. कंत्राट संपलं तसं कंपनीनं घरी बसवलं. तू विकलेल्या वरच्या जमिनीच्या तुकड्यावर ज्यांचं फार्महाउस झालं आहे, त्यांच्याकडं तो बागेला पाणी घालतो. पोरीनं अर्जात लिहिलं ते सगळं खरं आहे, खोटं मी बोललो. ती मला खोटं पाडायला तयार नाही, म्हणून माझं मीच पाडून घेतोय, खाली सही करून. तिला शिकायचं आहे आणि आमच्याजवळ नाही. हे वाचून डोळ्यांत पाणीबिणी आणू नकोस, आणि समितीपुढं वाचायचं तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाच. मी लिहिलं हे गौतमीला कळता कामा नये. फी भरली नाही तर महिनाअखेरीला तिची कॉलेजातली जागा दुसऱ्याला जाईल. बहिरू उद्या तुमच्याकडं तांदूळ पोचवायला येतोय, पत्र त्याच्याच हाती देतो. त्याला चहाला बसव, आणि तो कप खाली ठेवायच्या आत मला उत्तर लिहून दे. माझ्यावरचा राग नंतर काढ.

तुझाच,
कोंडिबा