मॅडमचं माप

४ फेब्रुवारी
पोचले बाई एकदाची! खरवईचा हा शूटिंगचा बंगला म्हणजे नुसता थाट. शिलाई मशीन खिडकीपाशी, जेवायला रोज मच्छी. कॅम्प दोनच्या बाजारात हरेशशेठच्या दुकानात पडदे शिवून वैतागले होते, आता सिनेमाचे कपडे शिवणार. हा सिनेमा सिनेमावाल्यांचीच टर उडवणारा आहे: वरून झगमग, आतून पोकळ. हिरोईन खुद्द सोनिया मॅडम. वीस तारखेला माझी हळद, त्याआधी सोडतो म्हणाले ड्रेस डिपार्टमेंटचे कमळाकरकाका. लग्नाचा ब्लाउज स्वतःच शिवून साडीसकट सोबत आणलाय, अंगाला अगदी चापून बसतो. दिपेश म्हणतो, मला नवरी अशीच भरलेली हवी. मेला चावट.

६ फेब्रुवारी
मॅडम माप देत नाहीत. कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही म्हणे. काकांनी इथली रीत सांगितली. कपडा आधी मी घालायचा, माझ्या अंगाची ऊब धरली की लगेच काढून मॅडमकडे पाठवायचा. गार कपडा त्या अंगाला लावत नाहीत. मोठ्या लोकांची थेरं! मला काय, फुकटात सॅटिनचे गाऊन मिरवायला मिळतायत. आरशासमोर दोन पोझही देऊन घेतल्या.

९ फेब्रुवारी
आज पहिल्यांदाच, अंगाला हात न लावायच्या बोलीवर, हुक लावायला मॅडमच्या खोलीत गेले. पाठीला बोट लागलं तर कापड आत दबलं. आत अंगच नाही! कापूस काढून घेतलेल्या उशीसारखं. मी हात मागे घेतला. त्या आरशातून माझ्या दंडांकडे बघत होत्या.
नंतर शॉटमध्ये त्या म्हणाल्या, माझ्या आत कुणीच नाही. दिग्दर्शक अवधूतसरांनी टाळ्या वाजवल्या, काय नॅचरल अ‍ॅक्टिंग म्हणाले. सगळं युनिट हसलं. मला नाही हसू आलं.

१२ फेब्रुवारी
जेवण दाबून चाललंय, तरी बांगड्या मनगटातून निसटतात. कालचा गाऊन मॅडमना दंडात तंग होतो, म्हणून शिवणीत आत सोडलेली सगळी जादा माया उसवली. तोच गाऊन मला खांद्यावर टिकत नाही. माझ्याच मापाचा होता तो. मला भीती वाटायला लागलीय.

१४ फेब्रुवारी
काकांना सांगितलं, यापुढे मी कपडे घालणार नाही, पुतळ्यावर चढवा. ते रागावले नाहीत. आधीची मुलगीही असंच म्हणाली होती म्हणे. ती कुठे गेली विचारलं तर सुईत दोरा ओवत बसले. मग म्हणाले,
“पुष्कळ दिवस पुरली बिचारी.”

१५ फेब्रुवारी
गावी जांभूळला आईला फोन केला. आई म्हणाली, नेत्रा, मोठ्याने बोल, आवाज किती बारीक येतोय. मी ओरडतच होते.
दिपेश उद्या मला न्यायला बाइक घेऊन येतोय. लग्नाला मी अख्खी हवी. एवढंच हवंय.

१६ — सकाळ
लग्नाचा ब्लाउज घालून बघितला. खांद्यावरून खाली. खूप रडले. काढून पलंगावर ठेवला आणि तोंड धुऊन आले.
ब्लाउज नाही. साडीही —
ऊब होती त्याला. माझ्या अंगाची. सवयीने बाई, मीच काढून —

दुपार
दार ढकलवत नाही. हातात जोरच —
खाली हॉर्न. दिपेश.
अंगणात ती — मॅडम. माझी साडी, माझा ब्लाउज, चापून बसलाय. दंड माझे. लसीचा व्रणसुद्धा. तोंडाला स्कार्फ, बाइकवर बसताना मी बांधते तसाच. हसली. माझंच हसू.
दिपेश म्हणाला, “नेत्रा, बस लवकर. आई वाट बघतेय.”
हाक मारतेय. आवाज नाही. बांगड्या खाली पडल्या, सगळ्या —
त्याने वर बघितलं. खिडकीकडे. नुसता पडदा असावा तसं.
दिपेश, ती मी नाही. मी इथे आ