ओंडके ओढण्यासाठी योग्य वाहन

४ एप्रिल
परवाच्या वादळात घरामागच्या रानातली, बायकोच्या वाटणीची सात-आठ मोठी झाडं आडवी झाली. म्हणजे हिवाळ्याच्या शेगडीची सोय झाली. यात रागावण्यासारखं काही नव्हतं. पण मेव्हणा जेवायला आला.

म्हणाला, नेहमीसारखा ट्रॅक्टर घेऊन येतो, ओंडके खाली आणतो, चिरून फोडून रचून देतो. मी शांतपणे सांगितलं की यंदा आमचं आम्ही बघू. त्यावर हा ताटातून मान वर न करता म्हणतो, "दाजी, सही केली म्हणून ओंडका खाली येत नसतो."

सगळे हसले. सासूबाईसुद्धा. त्यांना ऐकू कमी येतं, इतर हसले म्हणून हसल्या असणार.

कारखान्याच्या खरेदी विभागात माझा जन्म गेला. स्क्रूपासून क्रेनपर्यंत सगळं या हातांनी घेतलं. आणि हा मला सह्या शिकवणार.

निश्चय: एक एटीव्ही घ्यायची. चार जाड चाकं, कुठेही चढते, ओंडके ओढते. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचं चाक या अंगणात पुन्हा लागणार नाही.

६ एप्रिल
शोरूमला गेलो. शोरूमवाली बाई पेन चावत बसली होती. गाडी दाखवायची सोडून मलाच विचारायला लागली. ओंडके किती जाड? उतार कसा आहे? वाट किती रुंद? मी तिला सांगितलं, प्रश्न खरेदीदार विचारतो. तिने विचारलं, मग विचारा. ऐन वेळी एकही आठवला नाही, कारण तिने माझी लय बिघडवली होती. माहितीपत्रक घेऊन बाहेर पडलो. दार जोरात लावणार होतो, पण ते आपोआप लागणारं निघालं.

घरी बायको म्हणाली, अहो, आधी वर जाऊन झाडं तरी बघून या. रानात जाऊन झाडं बघणं हे मजुराचं काम. खरेदी टेबलावर होते.

२१ एप्रिल
अभ्यास चालू. चाकांपर्यंत जोर पोचवायला बेल्टवाली घ्यावी की शाफ्टवाली? व्हिडिओत एक दाढीवाला म्हणतो, बेल्टवाली घेणारा मूर्ख. दुसऱ्या व्हिडिओतला दाढीवाला म्हणतो, शाफ्टवाली घेणारा मूर्ख. दोघांच्या मागे लाकडांचा डोंगर रचलेला. दोघांनाही खाली खरमरीत लिहिलं. दुसऱ्याने हसरा चेहरा पाठवला. त्याला कायमचा ब्लॉक केला.

बायको म्हणते, ओंडके आत्ताच फोडून रचले तर उन्हाळाभर वाळतील, नाहीतर हिवाळ्यात पेटायचे नाहीत. तिला समजावलं की लाकूड रानात पडल्या पडल्या वाळतंच आहे, आणि तेही फुकटात. ती उठून ढकलगाड्याच्या चाकाला तेल घालायला गेली. म्हणजे पटलं.

१२ मे
दुसऱ्या शोरूममध्ये गाडी चालवून पाहिली. या गाडीला ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो. ही गोष्ट आधी कोणी नीट सांगत नाही. आवारातल्या जुन्या टायरांच्या ढिगापर्यंत गेलो आणि ढिगात थांबलो. मी मुद्दाम ब्रेकची परीक्षा घेत होतो. ब्रेक नापास. मालकाला तोंडावर सांगितलं की अशी गाडी मी कारखान्याच्या फाटकातून आत येऊ दिली नसती. तो म्हणाला, आता बाहेर पडायला फाटक तिकडे आहे. ही कंपनी कायमची बाद.

गुडघा सुजलाय. बायकोला सांगितलं, जिन्यावर घसरलो. आमच्या घराला जिना नाही, हे नंतर लक्षात आलं.

९ जून
मेव्हणा स्वतःची लाकडं घेऊन समोरच्या रस्त्याने गेला. ट्रॉली काठोकाठ. हॉर्न वाजवला. बायको म्हणते, तो हात करत होता. मी विसरायचं ठरवलं होतं, पण हॉर्न दोनदा वाजला.

७ जुलै
लेकीचा फोन. बाबा, मामाला एकदा बोलवा ना, दोन दिवसांचं काम आहे. हिला इतकं शिकवलं ते यासाठी? तिला तांत्रिक तुलना वाचून दाखवायला घेतली. मध्येच लाइन गेली. तिच्याकडे रेंज फार खराब.

हल्ली बायको सकाळी ढकलगाडा घेऊन रानात जाते आणि मनगटाएवढ्या फांद्या आणून पडवीत रचते. मी हरकत घेतली. असं किरकोळ काम चालू राहिलं तर मुख्य योजनेचं गांभीर्य राहत नाही. ती म्हणाली, बाजूला व्हा, गाडा जाऊ द्या.

सासूबाईंना मात्र योजनेत रस आहे. रोज संध्याकाळी त्यांच्या खुर्चीशेजारी बसून मी त्यांना विंच, टायर, क्लच सगळं समजावतो. शेवटपर्यंत ऐकून घेतात. या घरात शेवटपर्यंत ऐकून घेणारी हीच एक व्यक्ती.

२३ ऑगस्ट
शोरूमवालीचा फोन. तुम्ही माहितीपत्रक नेलं होतं ती गाडी आता शेवटची उरलीय, घेणार का? या युक्त्या मी कोळून प्यायलोय. विक्रेता घाई करायला लागला की खरेदीदाराने सावकाश व्हायचं. सावकाश झालो.

३० ऑगस्ट
ती गाडी विकली गेली. म्हणजे खरोखरच शेवटची होती. असं खरं सांगून ग्राहकाची दिशाभूल करणं यालाच मी फसवणूक म्हणतो.

२७ सप्टेंबर
गाडी आली. हिरवी, दांडगी, पुढे दोर गुंडाळून ओझं ओढणारं विंच, चारही चाकांना जोर. मी घेणार होतो त्याहून एक नंबर मोठी, कारण शोरूमवालीने ‘तुम्हाला छोटी पुरेल’ असं म्हटलं होतं. हे ‘तुम्हाला’ कोणत्या अर्थाने?

सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या, गाडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, जावईबापू, हिला रोज काय घालायचं? पेट्रोल, मी ओरडून सांगितलं. बरं, म्हणाल्या, खरकटं चालत नाही वाटतं.

अंगणातून रानाकडे जायच्या वाटेवर दोन दगडी खांब आहेत. गाडी त्यांच्यात बसत नाही. हे खांब कुणी घातले ते शोधून काढलं पाहिजे. बायको म्हणाली, शोधायला नको, गेल्या वर्षी तुम्हीच घातलेत, माझ्या भावाचा ट्रॅक्टर पुन्हा बागेत येऊ नये म्हणून. जुन्या गोष्टी उकरून काढायची हिला सवयच आहे. एक खांब पाडायला घेतला.

२ ऑक्टोबर
खांब पडला. आज पहिली फेरी.

रात्रभर पाऊस झाला होता. गाडी छान चढली. वर सगळ्यात जाड ओंडका निवडला, कारण सुरुवात दमदार हवी. ट्रेलर अजून घेतलेला नाही, ती वेगळी खरेदी आहे. ओंडक्याला साखळी बांधून गाडीच्या मागे अडकवला आणि उतरायला लागलो.

सपाटीवर ओंडका माझ्या मागून येत होता. उतार लागल्यावर शेजारून यायला लागला. मग पुढे गेला. साखळी बांधलेलीच होती. त्यामुळे काही काळ, तांत्रिकदृष्ट्या बोलायचं तर, ओंडका गाडी ओढत होता.

मी उडी मारली. घसरलो असं बायको म्हणते, पण ती तेव्हा पाठमोरी होती. ओंडका आणि गाडी असे दोघं बागेतून गेले आणि कोंबड्यांच्या खुराड्यात थांबले. कोंबड्या तेव्हा बाहेर होत्या. जीवितहानी नाही. सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. म्हणाल्या, परत एकदा दाखवा.

बायकोने मला न विचारता भावाला बोलावलं. तो आला. साखळी सोडवली, गाडी सरळ केली, खुराड्याच्या फळ्या ठोकल्या, हात धुतले आणि गेला. एक शब्द बोलला नाही. आलेल्या माणसाने काहीतरी बोलायला नको? मी सहा उत्तरं तयार ठेवली होती. सगळी वाया. एवढा अपमान मला आजवर कुणी केला नव्हता.

१९ ऑक्टोबर
ट्रेलर घेतला. आता ओंडके खाली येतायत. गाडी बायको चालवते, कारण माझा अंगठा दुखावलाय. मी दिशा देतो. ती दिशेकडे बघत नाही, तरी बरोबर येते, म्हणजे माझ्या सूचना तिच्या अंगी मुरल्या आहेत.

६ नोव्हेंबर
थंडी पडली. शेगडी पेटवली. लाकूड जळत नाही, फुसफुसतं. टोकांतून फेस येतो. खोलीभर धूर.

कारणं: धुराडं जुनं. वारा उलटा. काड्यापेटी निकृष्ट. झाडाची जात मुळातच आळशी. बायकोने एक ढलपी माझ्या हातात ठेवली. ओल्या फडक्यासारखी लागली. चिखलात पडून होती ना पावसाळाभर, एवढंच म्हणाली.

तिने रचलेल्या फांद्या मात्र झकास पेटतात. पण त्या संपत आल्यात. फांद्यांचा हाच दोष असतो, पुरत नाहीत.

२४ नोव्हेंबर
सासूबाईंना खोकला. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, खोली गरम हवी आणि धूर अजिबात नको. मी त्यांना विचारलं, यातलं एक काहीतरी सांगा. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. आजकाल डॉक्टरांमध्ये समजूतदारपणा राहिलेला नाही.

विजेचा हीटर लावला. त्याच्यासमोर फक्त गुडघे गरम होतात, तेही एका वेळी एक.

संध्याकाळी सासूबाईंना ट्रेलरच्या स्प्रिंगविषयी सांगत होतो. पहिल्यांदाच मध्येच थांबवलं. रागाने नाही. खोकल्यामुळे.

१ डिसेंबर
बायको स्वयंपाकघरात उभी होती. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. हळू आवाजात म्हणाली, "आईचं खोकणं तुम्हाला ऐकू येतं का?"

मी म्हटलं, येतं.

"मग माझ्या भावाला फोन करा. मी करणार नाही. तुम्ही करा."

फोन हातात घेतला. नंबर पाठ आहे, हेही चिडण्यासारखंच. शेवटी शोरूमवालीला लावला आणि गाडीबद्दल सणसणीत तक्रार केली. ती म्हणाली, गाडीला काय झालंय? सांगता येईना. गाडीला काहीच झालेलं नाही.

८ डिसेंबर
सासूबाईंनी परस्पर निर्णय घेतला. त्या मुलाकडे राहायला जाणार. त्याच्याकडे कोरडी लाकडं छपराला टेकलीत. त्याच्या घराच्या वाटेवरच्या चिखलातून मोटार जात नाही आणि सासूबाई ट्रॅक्टरवर बसत नाहीत. मला म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या गाडीतून सोडा मला."

ट्रेलरमध्ये त्यांची खुर्ची ठेवली, विंचच्या दोराने बांधली. वर त्या, त्यांच्यावर तीन घोंगड्या. गाडी बायकोने चालवली. मी मागून खुर्ची धरून चाललो. गाडीने एकदाही हिसका दिला नाही, चाक रुतलं नाही, उतारावर भार पुढे आला नाही. माझी निवड अचूक होती, हे आता कोणीच नाकारू शकणार नाही. मला आनंद व्हायला हवा होता. चिखल बुटात जात होता.

मेव्हणा दारात उभा होता. त्याने आईला अलगद उचलून आत नेलं. गाडी स्वतःच ढकलून ट्रॅक्टरशेजारी छपराखाली लावली. मग मला म्हणाला, "दाजी, दार उघडं ठेवू नका. ऊब जाते."

आत गेलो. बायको म्हणते, थंडी सरेपर्यंत आपणही इथेच राहायचं. मला कोणी विचारलं नाही. शेगडीजवळची जागा रिकामी ठेवलेली होती, तिथे बसलो. निषेध म्हणून कोट काढला नाही.

थोड्या वेळाने काढला.